घराची बरकत खरेदीखताच्या दिवशी

अल्लाह तआलाची स्तुती आणि त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.



आपल्या सातारा-सांगली भागात नवे घर घेतले की राहायला जाण्यापूर्वी कुरआनख्वानी करण्याची रीत आहे. मदरशातील मुले येतात, तीस पारे वाटून घेतले जातात, आतल्या खोलीत घरच्या स्त्रिया सूरह अल-बकरा पढतात, शेवटी दुआ होते आणि शेजारीपाजारी गोड वाटले जाते. सूरह अल-बकरा पढण्यामागे आधार आहे. ज्या घरात ही सूरह पढली जाते त्या घरातून शैतान पळ काढतो, अशा आशयाची हदीस ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या निवेदनाने सहीह मुस्लिममध्ये आली आहे.

याच सूरहमध्ये २८२ वी आयत येते. संपूर्ण कुरआनातील ही सर्वांत लांब आयत. तिचा विषय नमाज, रोजा किंवा हज हा नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून कसा ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने कसे लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर कसा सांगावा, साक्षीदार किती व कसे असावेत, हा तिचा विषय आहे. साक्षीदारांना बोलावले तर त्यांनी नाही म्हणू नये, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये, हेही तीच आयत सांगते. अल्लाह तआलाने आपल्या ग्रंथातील सर्वांत लांब आयत आपल्या व्यवहाराच्या कागदांसाठी खर्च केली आहे, याचा आपण पुरेसा विचार करत नाही.

नव्या घरात ही आयत पढली जाते तेव्हा त्या घराचे खरेदीखत होऊन गेलेले असते. आयतीने जे मागितले ते त्या दिवशी झाले असेल तर नंतरचे पठण हा त्या अमलाचा शुक्र ठरतो. झाले नसेल, तर ज्या हुकमाला आपण पाठ दाखवली तोच हुकूम आपण त्या चार भिंतींत सुरेल आवाजात पढत असतो. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. घरात बरकत येणार की नाही, याचा निर्णय बव्हंशी खरेदीखताच्या दिवशी आणि त्या दिवसाच्या तयारीत होतो.

लिहून ठेवणे ही सुन्नत

प्रेषित मुहम्मद (स.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा मस्जिदीसाठी जी जागा पसंत पडली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुलांनी ती जागा भेट म्हणून देऊ केली. प्रेषितांनी (स.) ती भेट म्हणून घेण्यास नकार दिला आणि किंमत देऊन विकत घेतली. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे. जागा मस्जिदीसाठी हवी होती, मागणारे अल्लाहचे प्रेषित होते आणि देणारे आनंदाने देत होते. तरीही पितृछत्र नसलेल्या मुलांच्या मालमत्तेचा मोबदला आधी चुकता झाला आणि मग मस्जिदीची भिंत उभी राहिली.

ह. अद्दा बिन खालिद (रजि.) यांच्याशी झालेल्या एका व्यवहाराचा लेखी दस्त प्रेषितांनी (स.) करून दिल्याची नोंदही हदीसच्या ग्रंथांत आहे. त्या दस्तात दोन्ही पक्षांची नावे होती, आणि मालात छुपा दोष नाही, हा एका मुस्लिमाने दुसऱ्या मुस्लिमाशी केलेला व्यवहार आहे, असे नमूद केले होते. प्रेषितांहून (स.) अधिक विश्वासू कोण असू शकेल? तरीही लेख झाला. म्हणून ‘आपल्या माणसांत कागद कशाला’ हे वाक्य कितीही प्रेमळ वाटले तरी ते सुन्नतीचे वाक्य नव्हे.

आपल्याकडे घराच्या व्यवहारात सामान्यतः आधी विसार दिला जातो, मग साठेखत होते आणि शेवटी खरेदीखत. हे टप्पे नीट समजून घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ नुसार साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार आहे. केवळ त्याने घराची मालकी बदलत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते, आणि दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकांकडे नोंदणीसाठी सादर करावा लागतो. सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील गुंठेवारी वसाहतींत कित्येक कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई देऊन केवळ नोटरी केलेला कागद पेटीत जपून ठेवला आहे. गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तरी अशा घराची कागदपत्रे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये. फिकहच्या दृष्टीने इजाब आणि कबूल झाले की व्यवहार होतो, हे खरे. पण विकणारा उद्या हयात नसेल आणि त्याच्या मुलांना काही ठाऊक नसेल, तेव्हा तुमच्या मुलांच्या हाती काय राहील? आयतीत लिहिण्याचा हुकूम देताना अल्लाह तआलाने कारणही सांगितले आहे: त्यामुळे साक्ष अधिक पक्की राहते आणि शंकेला जागा उरत नाही.

हे घर कोणाचे?

खरेदीखताच्या तयारीतला पहिला प्रश्न घराच्या खोल्यांचा किंवा दिशांचा नाही. हे घर विकणाऱ्याचे आहे का, हा तो प्रश्न आहे.

कायदा यासाठी बरेच कागद हाती देतो. शहरात मिळकत पत्रिका, गावात सातबारा, त्यामागचे फेरफार, सूची क्रमांक दोन, आणि वकिलाने साधारण तीस वर्षांच्या नोंदी तपासून दिलेला शोध अहवाल. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का, हे त्यातून कळते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या जमिनी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तिथे हा शेरा विशेष काळजीने पाहावा. आणि जमीन वक्फची निघाली तर किंमत कितीही कमी असो, तिथून मागे फिरावे. ह. उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हा ती विकली जाणार नाही, भेट दिली जाणार नाही आणि वारशात वाटली जाणार नाही, ही अट प्रेषितांच्या (स.) मार्गदर्शनाने ठरली होती.

पण सर्व कागद स्वच्छ असूनही एक हक्क कागदाबाहेर राहू शकतो. तो म्हणजे बहिणींचा.

समजा, एका गृहस्थांचे निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. आई-वडील आधीच वारले आहेत. कर्ज आणि वसीयत भागवल्यावर अठ्ठेचाळीस लाख रुपयांचे एक घर उरले. सूरह अन-निसाच्या हिशेबाने पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे सहा लाख. उरलेल्या बेचाळीस लाखांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक मुलाला बारा लाख आणि प्रत्येक मुलीला सहा लाख. हा हिशेब वडिलांचा श्वास थांबला त्या क्षणी लागू झाला. मुलींचे लग्न झाले आहे, त्यांना दागिने दिले होते, त्या दूर सोलापूरला किंवा पुण्याला नांदतात, यांपैकी कोणत्याही कारणाने तो बदलत नाही. मिळकत पत्रिकेवर फक्त दोन भावांची नावे लागली असतील तर सरकारी नोंद अपुरी आहे. अल्लाहच्या वाटणीत तीन बहिणी अजून तशाच उभ्या आहेत.

अशा वेळी हक्कसोड पत्र केले जाते. खरेदीखताच्या आदल्या दिवशी बहिणीला फोन जातो, ‘उद्या जरा येऊन सही कर.’ ती येते. भाऊ दुरावेल, माहेर तुटेल, या भीतीने ती विचारत नाही. कायद्याच्या दृष्टीने सही झाली. शरीअतीच्या दृष्टीने मात्र कोणाही मुस्लिमाचा माल त्याच्या मनाच्या खुशीशिवाय दुसऱ्याला हलाल नाही, हा प्रेषितांनी (स.) घालून दिलेला दंडक आहे. रिवाजाच्या दबावाने झालेली माफी ही मनाची खुशी नव्हे. म्हणून उलमा सांगतात की आधी बहिणीचा हिस्सा मोजून तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्या. त्यानंतर तिने स्वखुशीने त्यातले काही भावाला दिले तर ती तिची देणगी. दोघांच्या संमतीने, हिशेब तिला नीट कळल्यावर, ठरावीक रक्कम घेऊन ती हिश्शातून बाहेर पडली, तर फिकहमध्ये त्यालाही मार्ग आहे. पण हिशेब लपवून घेतलेल्या सहीला मार्ग नाही.

घर विकत घेणारा म्हणेल, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, मी का पडू? बंधूंनो, आपण पैसे देऊन जे विकत घेतो त्यात बहिणीचा न दिलेला हिस्सा आहे हे ठाऊक असेल, तर आपण त्या अन्यायाला किंमत पुरवतो. म्हणून विकणाऱ्याकडे वंशावळ मागा. बहिणी किती, आई हयात आहे का, हे विचारा. शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला सोबत घेऊन त्या बहिणींना भेटा आणि त्यांचा हिस्सा त्यांच्याच नावाच्या धनादेशाने द्या. यात तुमचेही संरक्षण आहे, कारण उद्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आला तर त्यात खरेदीदारही ओढला जातो.

ह. सईद बिन झैद (रजि.) हे जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबांपैकी एक. अरवा नावाच्या एका स्त्रीने त्यांच्यावर आपल्या जमिनीचा काही भाग बळकावल्याचा आरोप केला आणि प्रकरण मरवानकडे गेले. ह. सईद (रजि.) म्हणाले, जो कोणी वीतभर जमीन अन्यायाने घेईल त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे ओझे घातले जाईल, असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले असताना मी असे कसे करीन? मग त्यांनी ती जमीन तिच्यावर सोडून दिली आणि न्याय अल्लाहकडे सोपवला. ती स्त्री पुढे अंध झाली आणि त्याच जमिनीतल्या खड्ड्यात पडून मरण पावली, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. एक वीत जमिनीची ही गोष्ट आहे. आपल्या घराच्या चौरस फुटांत किती विती होतात, ते प्रत्येकाने मोजावे.

भिंतीमागची ओल

दुसरी तयारी विकणाऱ्याने करायची आहे. ती म्हणजे दोष सांगण्याची.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जाताना धान्याच्या ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. प्रेषितांनी (स.) विचारले, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असा सक्त इशारा दिला.

सांगलीकरांना ही हदीस वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर इथल्या घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ उमटली. कराडच्या नदीकाठच्या वस्त्यांनीही ते दिवस पाहिले. आता असे घर विकायला काढताना ती रेघ पुट्टी भरून, वर चकचकीत रंग देऊन झाकली, आणि ग्राहकाने विचारले तेव्हा ‘इकडे पाणी येत नाही’ असे सांगितले, तर तो धान्याचा ढीग आणि ही भिंत यांत काय फरक राहिला? दोन्हीकडे वर कोरडे आणि आत ओले आहे.

रंग देणे गुन्हा नाही. घर नीटनेटके करून दाखवावे. पण पाणी कुठवर आले होते ते तोंडाने सांगावे. त्याचप्रमाणे रस्त्याचा वाद आहे, सामाईक भिंत आहे, सांडपाण्याची तक्रार आहे, घरपट्टी थकली आहे, वरचा मजला परवानगीशिवाय बांधला आहे, या गोष्टीही सांगाव्यात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानेही, खरेदीदाराला साध्या काळजीने कळू शकणार नाही असा ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. भाव थोडा उतरेल, हे मान्य. पण ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या निवेदनात प्रेषितांचे (स.) मार्गदर्शन स्पष्ट आहे: दोघे खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, दोघांनी लपवले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. बरकत विकणाऱ्याच्या पैशातूनही जाते आणि खोटेपणा दोन्हीकडचा असेल तर घेणाऱ्याच्या घरातूनही.

घेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. विकणारा अडचणीत आहे, मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च आहे, हे हेरून घरात नसलेले दोष काढायचे आणि भाव पाडायचा, हाही खोटेपणाच. बुखारी आणि मुस्लिममध्ये पूर्वीच्या काळातील दोन माणसांची कथा आली आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि तिच्यात त्याला सोन्याने भरलेले भांडे सापडले. तो परत द्यायला गेला. म्हणाला, मी जमीन घेतली, सोने नाही. विकणारा म्हणाला, मी जमीन आणि तिच्यात जे आहे ते सर्व विकले. दोघेही सोने घ्यायला तयार होईनात. न्याय करणाऱ्याने विचारले, तुम्हाला मुले आहेत का? एकाला मुलगा होता, दुसऱ्याला मुलगी. त्यांचे लग्न लावून द्या, सोने त्यांच्यावर खर्च करा आणि काही सदका करा, असा निवाडा झाला. वाद तोही होता. पण तिथे प्रत्येकाला आपल्याकडे दुसऱ्याचे काही राहील याची भीती होती.

दस्तातील आकडा

मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून खरी किंमत एक आणि दस्तातील किंमत दुसरी, उरलेली रक्कम पिशवीतून, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिला कोणी पाप म्हणत नाही. जरा थांबून पाहू. दस्तात लिहिलेले असते की ठरलेली पूर्ण किंमत हीच. विकणारा आणि घेणारा सही करतात, अंगठ्याचा ठसा देतात, संगणकासमोर बसून छायाचित्र काढले जाते आणि दस्त मान्य असल्याचे अधिकाऱ्यासमोर सांगतात. साक्षीदार म्हणून एखादा मेहुणा, एखादा शेजारी आणि पुष्कळदा मस्जिदीत पहिल्या सफमध्ये उभा राहणारा कोणी ज्येष्ठ असतो. खरी रक्कम त्याला ठाऊक असते.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा सर्वांत मोठी पापे सांगत होते. अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार ठरवणे आणि आई-वडिलांची अवज्ञा ही सांगून झाली तोवर ते टेकून बसले होते. मग ते सरळ बसले आणि खोटे बोलणे व खोटी साक्ष यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा करत राहिले. इतका की आता थांबावे असे सहाबांना वाटू लागले. ज्या पापाचे नाव घेताना ते सावरून बसले ते पाप आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चहा घेत करतो.

यात ऐहिक तोटाही आहे. जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे. पण त्याहून मोठा धोका दुर्बळांना आहे. व्यवहार मोडला, किंवा मालकीत दोष निघाला, तर दस्तातील रकमेपुरतीच दाद मागता येते. पिशवीतले पैसे देणारा गृहस्थ वारला तर त्याच्या विधवेकडे त्याचा कोणताच पुरावा नसतो. वारसांत वाटणी करतानाही खोटा आकडा समोर येतो आणि भाऊ-बहिणी एकमेकांवर संशय घेतात. चार पैसे वाचवण्यासाठी आपण आपल्या मुलांमध्ये भांडण लिहून ठेवतो.

पैसा कोठून आला, नाव कोणाचे लागले

घरासाठी व्याजाचे कर्ज घ्यावे का, हा प्रश्न जुम्यानंतर वारंवार विचारला जातो. व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांच्याविषयी हदीसमध्ये जी कठोर ताकीद आली आहे ती लक्षात ठेवून प्रत्येकाने आपली खरी परिस्थिती एखाद्या जाणत्या मुफ्तींसमोर मांडावी. ‘सगळेच घेतात’ हा फतवा होत नाही. लहान घर, उशिरा घेतलेले घर, टप्प्याटप्प्याने बांधलेले घर, हे पर्याय आपल्या आजोबांच्या पिढीने सन्मानाने स्वीकारले होते.

भावाकडून, मेहुण्याकडून, मित्राकडून बिनव्याजी उसने घेतलेले पैसे तर २८२ व्या आयतीचा मूळ विषयच आहे. रक्कम, मुदत आणि दोन साक्षीदार यांसह ते लिहा, आणि घरात कोणाला तरी दाखवून ठेवा. एका मृत माणसावर कर्ज होते म्हणून प्रेषितांनी (स.) त्याची जनाजाची नमाज स्वतः पढवण्याचे थांबवले, ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतले तेव्हाच ते पुढे झाले. ज्याने उसने दिले त्यानेही, घेणारा खरोखर तंगीत असेल तर, सवड द्यावी.

विसाराबद्दल एक सूचना. व्यवहार मोडला तर विसार बुडाला, असे आपल्याकडे गृहीत धरतात. हनफींसह बहुसंख्य फुकहा विसार जप्त करणे योग्य मानत नाहीत. हंबली फुकहांनी त्याची मुभा दिली आहे. म्हणून विसार देण्यापूर्वीच मुदत आणि परतीची अट स्पष्ट लिहावी, म्हणजे नंतर कोणी कोणाच्या मजबुरीवर आपले पोट भरणार नाही.

नावाचा प्रश्न याहून नाजूक. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्री खरेदीदार असेल तर घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. म्हणून अनेकजण पत्नीच्या किंवा आईच्या नावाने घर घेतात. घ्यावे, जरूर घ्यावे. पण मनात काय आहे? तिला ते खरोखर हिबा केले आहे का, ताब्यासह? की केवळ सवलतीसाठी नाव लावले आहे? पहिल्या स्थितीत घर तिचे. तिच्यानंतर तिच्या वारसांत वाटले जाईल. दुसऱ्या स्थितीत शरीअतीच्या दृष्टीने ते पैसे देणाऱ्याचे राहते आणि कागद वेगळेच सांगत राहतो. असाच घोळ परदेशात किंवा पुण्या-मुंबईत राबणारा मुलगा पैसे पाठवतो आणि घर वडिलांच्या नावावर होते तेव्हा पडतो. ते पैसे वडिलांना दिलेली भेट होती, कर्ज होते, की भागीदारी? वडील हयात असताना पाच मिनिटांत लिहून होणारी ही गोष्ट त्यांच्यामागे पाच वर्षे कोर्टात चालते. खरेदीखताच्या आधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा, कोणाचे किती आणि कशा नात्याने, ते लिहा आणि सर्वांच्या सह्या घ्या.

शेजाऱ्याचा हक्क

ह. अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. त्यांनी त्या आधी ह. सअद यांना देऊ केल्या. ह. सअद म्हणाले, चार हजारांपेक्षा अधिक देणार नाही, आणि तेही हप्त्याने. दुसऱ्या ग्राहकाने पाचशे दीनार देऊ केले होते. तरीही अबू राफे यांनी त्या शेजाऱ्यालाच दिल्या, कारण जवळीकीमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक असतो, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. यालाच शुफआ म्हणतात. वाटणी न झालेल्या मिळकतीत सहहिस्सेदाराचा हा हक्क सर्वमान्य आहे. हनफी फिकहमध्ये लगतच्या शेजाऱ्यालाही तो आहे. म्हणून घर विकण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे. साताऱ्याच्या जुन्या पेठांत, जिथे एका घराचा कौलारू उतार दुसऱ्याच्या अंगणात येतो, तिथे या एका विचारण्याने अर्धे वाद मिटतात.

त्या दिवशी

दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी घरी मागवून घ्या. चतुःसीमा, क्षेत्रफळ, नावांची अक्षरे, रक्कम, ताब्याची तारीख हे सर्व वाचा. आयत सांगते की ज्याच्यावर देणे आहे तो दुर्बळ असेल किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नसेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा. यावरून एक कर्तव्य निघते. विकणाऱ्यांत वृद्ध आई असेल, उर्दू शाळेत शिकलेली किंवा न शिकलेली बहीण असेल, तर सही घेण्यापूर्वी तो दस्त तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिच्या बोलीत समजावून सांगा. वारस, हक्क, कब्जा, रक्कम, हरकत हे दस्तातील शब्द अरबीतून मराठीत आले आहेत आणि तिच्या घरच्या बोलण्यातही आहेत. तिला ते शब्द ठाऊक आहेत. त्यांचा तिच्याशी संबंध काय, एवढे फक्त सांगायचे आहे.

व्यवहार ठरवण्यापूर्वी इस्तिखारा करावा. त्या दिवशी दोन रकात सलातुल हाजत पढून निघावे. काम पुढे सरकावे म्हणून कोणाच्या हातावर काही ठेवण्याचा सल्ला मिळाला तर सूरह अल-बकराची १८८ वी आयत आठवावी. लोकांचा माल नाहक खाण्यासाठी अधिकाऱ्यांपर्यंत पैसा पोचवण्यास तिने मनाई केली आहे. कागदपत्रे पूर्ण असतील तर वेळ लागला तरी सब्र करावा. सही करताना बिस्मिल्लाह म्हणावे, आणि म्हणताना दस्तातील प्रत्येक ओळ त्या नावाला शोभेल अशी आहे ना, एवढे पाहावे. ठरल्याप्रमाणे पैसे आणि किल्ली यांची देवघेव झाली की दोघांनी एकमेकांसाठी बरकतीची दुआ करावी. नंतर मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेण्याचे काम रेंगाळू देऊ नये.

प्रशस्त घर आणि नेक शेजारी यांची गणना प्रेषितांनी (स.) माणसाच्या सौभाग्यात केली आहे. घर मोठे असो वा दोन खोल्यांचे, ज्याच्या दस्तात कोणा बहिणीचे अश्रू, कोणा साक्षीदाराचे खोटे आणि कोणा शेजाऱ्याची तक्रार अडकलेली नाही, ते घर प्रशस्त असते. अशा घरात मग सूरह अल-बकरा पढा. २८२ व्या आयतीवर पोचाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा, खरेदीखत समोर ठेवा आणि आयतीचा अर्थ त्या कागदावर बोट ठेवून समजावून सांगा.

हे अल्लाह, आम्हाला हलाल कमाईचे छप्पर दे. आमच्या दस्तांत सत्य आणि आमच्या साक्षीत धैर्य दे. आमच्या बहिणींचे, अनाथांचे आणि शेजाऱ्यांचे जे हक्क आमच्याकडे राहिले असतील ते आमच्या हयातीत चुकते करण्याची तौफीक दे. ज्यांना अजून घर नाही त्यांना आपल्या कृपेने घर दे, आणि आम्हा सर्वांना त्या कायमच्या घरात जागा दे जिथून कोणाला कधी निघावे लागत नाही. आमीन, या रब्बल आलमीन.